दर वर्षी नवी पालवी पिवळीच का येते? लिंबू, अनंत आणि एक्झोरावरच्या केवड्याचा माग

थंडी ओसरली की लिंबाला पालवी फुटते आणि हिरवी होण्याऐवजी दिवसागणिक फिकट होत जाते. शिरा तेवढ्या हिरव्या, मधली जागा पिवळी. प्रकरण वाढलं तर पान जवळजवळ पांढरं पडतं आणि कडा करपतात. शेजारच्या अनंताचं तेच, एक्झोराचं त्याहून वाईट. त्याच बागेत डाळिंब आणि बोगनवेल मात्र ठणठणीत. गांडूळखत घालावं, पेंड घालावी, महिनाभर बरं वाटतं किंवा बरं आहे असं आपण मनाला समजावतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच पिवळा रंग. पानांच्या या पिवळेपणालाच केवडा म्हणतात.

माझ्या बागेत हे चार वर्षं चाललं. चारही वर्षं मी झाड उपाशी आहे असं समजून त्याला भरवत राहिले. झाड उपाशी होतं हे खरंच, पण ताट भरलेलं होतं आणि घास तोंडापर्यंत पोचत नव्हता. फळझाडं आणि शोभेची झाडं एकत्र असलेल्या सेंद्रिय बागेत हा घोटाळा विशेष होतो, कारण आपण चांगलं म्हणून जे जे करतो त्यातलं निम्मं हा पिवळेपणा वाढवणारं असतं. त्यामुळे खताची पिशवी उघडण्याआधी तपास.

आधी पान नीट वाचा

पहिला प्रश्न एकच: पिवळं जुनं पान आहे की नवं? बाकी सगळं यावर ठरतं. नत्र आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरणारी द्रव्यं आहेत. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह, जस्त आणि मँगनीज असे सहज हलत नाहीत. एकदा पानात बसले की बसले. म्हणून त्यांची उणीव थेट कोवळ्या पालवीवर उमटते आणि जुनी पानं हिरवीगार राहतात.

नवं पान पिवळं आणि त्यावर बारीकसारीक शिरांचं हिरवं जाळं अगदी रेखून काढल्यासारखं, तर लोह. पानाचा आकार साधारण नेहमीचाच, पण शिरांच्या कडेने रुंद, धूसर हिरवे पट्टे आणि मधे फिकट भाग, तर मँगनीज. पानं लहान, अरुंद, टोकदार, फांदीच्या शेंड्याला गुच्छासारखी जवळजवळ आलेली आणि त्यांवर पिवळे चट्टे, तर जस्त. लिंबूवर्गीय झाडांत ही तिन्ही बहुधा एकत्रच नांदतात, कारण तिघांना अडवणारं कारण एकच असतं. त्यामुळे चित्र पुस्तकाइतकं स्वच्छ दिसलं नाही तर गोंधळून जाऊ नका.

जुनं पान कडेने पिवळं होत गेलं आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियम. जुनी पानं सरसकट, शिरांसकट फिकट झाली तर नत्र. आणि आणखी एक चित्र आहे जे लोक हमखास उलटं वाचतात: मधली शीर आणि तिच्या फांद्या पिवळ्या, बाकीचं पान त्यामानाने हिरवं. हे बहुतेक वेळा मुळांचं किंवा खोडाच्या सालीचं दुखणं असतं. कडक थंडीनेही काही काळ असं दिसतं. इथे खत घालणं म्हणजे घसा बसलेल्याला गायला लावणं.

काही पिवळेपणा तर आजारच नसतो. लिंबूवर्गीय झाडाचं पान साधारण एक ते दोन वर्षं जगतं आणि बहराच्या सुमारास जुनी पानं पिवळी होऊन गळतात. आंब्याची पालवी तांबूस येते, लिचीची गुलाबीसर, आणि कुठलीही पालवी पहिले काही आठवडे पोपटी असणारच. पान पूर्ण पसरून जाड झाल्यावरही हिरवं झालं नाही, तरच तक्रार नोंदवा.

नजरेवर विश्वास नसेल तर एक सोपी परीक्षा आहे आणि मला ती फार आवडते. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा. एका पिवळ्या फांदीवरच्या दोन-तीन कोवळ्या पानांना ते मऊ ब्रशने लावा आणि फांदीला दोरा बांधून खूण करा. दुसऱ्या फांदीवर झिंक सल्फेटचं तसंच पण त्याहून पातळ पाणी लावा, तिसरी फांदी तशीच ठेवा. आठ-दहा दिवसांत ज्या फांदीवर हिरवे ठिपके किंवा पट्टे उठतील, तिने उत्तर दिलं. माझ्याकडे हिराकस लावलेल्या पानांवर ब्रश जिथे जिथे फिरला होता तिथेच हिरवे ओघळ उठले होते, एखाद्या पोराने रंगवल्यासारखे. चार वर्षांच्या गोंधळानंतर ते ओघळ बघून हसूच आलं.

लोह कमी आहे, पण मातीत नाही

इथेच बहुतेकजण चुकतात, मीही चुकले. पानात लोह कमी म्हणजे मातीत लोह कमी, असं नाही. एक चौरस मीटर जागेची 30 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती सुमारे 400 किलो भरते. त्यात टक्का-दोन टक्के लोह असणं अगदी सामान्य गोष्ट आहे, म्हणजे 4 ते 8 किलो. झाडाची वर्षाची गरज ग्रॅममध्ये मोजावी लागते. कमतरता कशाची असेल तर विरघळलेल्या लोहाची. मातीचा सामू म्हणजे तिच्या आम्ल-अल्कतेचा आकडा, pH: 7 उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. हा सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह साधारण हजार पटीने घटतं. सामू 6 असलेल्या मातीत जे लोह मुळाला सहज मिळतं, तेच 8 वर गंजासारखं घट्ट बसून राहतं.

त्यात जमिनीत मोकळी चुनखडी असेल आणि पाणी साचत असेल तर दुहेरी मार बसतो. साचलेल्या मातीत मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट बनवतो, आणि बायकार्बोनेट मुळाचं लोह उचलण्याचं काम आणखी अडवतं. म्हणून चुनखडीच्या जमिनीत जास्त पाणी दिलेलं झाड कमी पाणी दिलेल्या झाडापेक्षा लवकर पिवळं पडतं.

मग दर वर्षी थंडीच्या शेवटीच का? कारण उपोष्ण हवामानात हवा आधी तापते आणि माती मागाहून. लिंबूवर्गीय झाडांची मुळं माती 13 अंशांच्या खाली असताना जवळजवळ झोपलेलीच असतात. वर उन्हाने फांद्यांवरचे डोळे फुटतात, खाली मुळं थंड चिखलात आखडून बसलेली. पालवी मागते आहे आणि देणारं कोणी नाही. तुमचा पिवळेपणा फक्त या पहिल्या पालवीपुरता असेल आणि पुढची पालवी आपोआप हिरवी येत असेल, तर औषधाची गरजच नाही. थंडीत पाणी कमी करा, आणि पहिल्या पालवीच्या आधी तीन-चार आठवडे आळ्यावरचं जाड आच्छादन बाजूला सारून मातीला ऊन लागू द्या. उन्हाळ्याची पालवीही पिवळीच आली, तर मात्र पुढे वाचा.

मातीच्या आणि पाण्याच्या तीन घरगुती परीक्षा

पहिली, व्हिनेगरची. आळ्याच्या कडेची, 15-20 सेंटीमीटर खोलीवरची मूठभर माती काढून वाळवा आणि तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले, तर मोकळी चुनखडी आहे. एकाच जागेची माती घेऊन थांबू नका. घराच्या बागेत माती एकसारखी नसतेच. माझा सर्वांत पिवळा अनंत भिंतीपासून दीड हातावर होता. तिथे खणलं तर घर बांधताना पुरलेला राडारोडा निघाला: गिलाव्याचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, फुटक्या विटा. दहा पावलांवरच्या मातीत व्हिनेगर शांत बसलं आणि भिंतीजवळच्या मातीत सोडा-वॉटरसारखं फसफसलं. भिंतीलगत, फरशीच्या कडेला आणि नव्या वाटेशेजारी लावलेली आम्लप्रेमी झाडं पिवळी पडतात ती यामुळेच, आणि शोभेची झाडं तर आपण नेमकी तिथेच लावतो.

दुसरी, निचऱ्याची. आळ्याबाहेर हातभर अंतरावर 30 सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टी घेऊन बसा. दुसऱ्या भरणीचं पाणी तासाला अडीच सेंटीमीटर तरी उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर तुमची समस्या अन्नद्रव्यांपेक्षा हवेची आहे. मुळांना श्वास नाही. अ‍ॅव्होकॅडो असल्या जमिनीत फार काळ तग धरत नाही. लिंबू कुढत जगतं, तेवढाच फरक.

तिसरी पाण्याची, आणि ही सगळेच विसरतात. ज्या पाण्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, तेच पाणी आपण झाडाला घालतो. समजा पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार आहे आणि एका झाडाला आठवड्याला 40 लिटर पाणी जातं. वर्षाला 2,000 लिटरहून जास्त पाणी झालं, म्हणजे 600 ग्रॅमहून जास्त चुनखडी आपण स्वतःच्या हाताने आळ्यात ओतली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं उत्तम वाढलेलं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी पिवळं पडायला लागतं, तेव्हा रोगाच्या आधी हा हिशेब मांडा. भरपूर पाऊस झाल्यावर झाड सुधारतं आणि पुन्हा नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर आलं की बिघडतं, ही याची खूण. पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असतं, सामू साधारण 5.6.

बागेत हायड्रेंजिया असेल तर तो फुकटचा साक्षीदार आहे. निळी फुलणारी जात गुलाबी फुलायला लागली की माती अल्कधर्मी होत चालली असं समजा.

आपणच घातलेला घोळ

सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हा समज मला फार महागात पडला. लाकडाची राख मी दर महिन्याला लिंबाला घालत होते, पालाश मिळतो म्हणून. मिळतो, खोटं नाही. पण राख जवळजवळ चुन्यासारखीच वागते. आम्लधर्मी मातीत ती वरदान आहे. सामू आधीच साडेसातच्या पुढे असेल तर ती आगीत तेल. हाडांच्या खताचंही तसंच. त्यातला स्फुरद साठत जातो आणि लोह-जस्ताशी बांधला जाऊन दोघांनाही मुळापासून तोडतो. कोंबडीखत आणि शेणखत वर्षानुवर्षं सढळ हाताने घातलं तरी स्फुरद आणि क्षार दोन्ही साठतात. झाडाखालची माती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली आणि तरी पान पिवळं, असं दृश्य दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं. कंपोस्ट आम्लधर्मी असतं असंही धरून चालू नका. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट बहुतेकदा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी निघतं.

दुसरा घोळ रचनेचा. लिंबाच्या आळ्यात रंगीत मोसमी फुलं लावायचा मोह कोणाला होत नाही? दिसतंही छान. पण त्या फुलांना रोज पाणी लागतं आणि लिंबाला वाफसा लागतो, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती. शिवाय दर मोसमाला रोपं बदलताना आपण खुरपं चालवतो, आणि लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं नेमकी वरच्या 30-40 सेंटीमीटरमध्ये असतात. वर्षातून तीनदा त्यांची कत्तल करून आपण विचारतो, लोह का उचललं जात नाही. तसंच ठिबकचं. बोगनवेल, अनंत आणि मोसंबी एकाच नळीवर एकाच वेळापत्रकाने चालतील हे शक्यच नाही. एकाला तहान, दुसऱ्याला जलसमाधी.

दुरुस्ती, आणि ती याच क्रमाने

आधी थांबवायच्या गोष्टी थांबवा: राख, चुना, हाडांचं खत, रोजचं पाणी, आळ्यातली खुरपणी. नुसत्या यानेच एका मोसमात फरक दिसलेली झाडं आहेत.

मग पाणी. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. द्याल तेव्हा भरपूर द्या आणि वरची चार-पाच सेंटीमीटर माती कोरडी होईपर्यंत थांबा. पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराच्या कडेला द्या, कारण कामाची मुळं तिथे आहेत. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर ते सगळ्या बागेला वाटत बसू नका. अनंत, एक्झोरा, कॅमेलिया, लिंबू यांच्यासाठी राखून ठेवा. डाळिंब, अंजीर, कण्हेर यांना जड, म्हणजे क्षारांचं पाणी चालतं.

निचरा वाईट असेल तर नवं झाड 30 ते 45 सेंटीमीटर उंच, रुंद उंचवट्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, वरच्या थरातच लटकून राहतं आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. उभ्या झाडाला उंचवटा करता येत नाही, पण चार बाजूंनी पाणी बाहेर नेणारे उथळ चर काढता येतात. कलमाचा सांधा मातीखाली गेला असेल तर माती ओढून तो उघडा करा.

आता सामू. इथे एक हिशेब आधी पटवून घ्या. मातीत 5 टक्के चुनखडी असेल तर वर सांगितलेल्या 400 किलो मातीत 20 किलो चुनखडी झाली. ती उदासीन करायला 6 किलोहून जास्त गंधक लागेल, एका चौरस मीटरला. ते कोणी करू नये. क्षारानेच झाड मरेल. म्हणजे व्हिनेगर जोरात फसफसलं असेल तर सगळ्या जमिनीचा सामू उतरवण्याचा नाद सोडा आणि मुळांना फक्त काही सुखाचे कप्पे करून द्या. फांद्यांच्या घेराखाली पहारीने चार ते सहा भोकं पाडा, 20-25 सेंटीमीटर खोल. त्यांत कुजलेला पालापाचोळा, एक मोठा चमचा गंधकाची भुकटी आणि एक चमचा हिराकस एकत्र करून भरा. वर्षाने भोकांची जागा बदला. मुळं हे कप्पे शोधून काढतात आणि एवढ्या छोट्या जागेतूनही झाडाची लोहाची गरज भागू शकते.

माती फसफसली नाही आणि सामू नुसताच साडेसातच्या आसपास असेल, तर गंधक सरसकट वापरता येतं. एका वेळी चौरस मीटरला 100 ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. वर पसरा, हलकं मिसळा, वर आच्छादन. गंधक स्वतः आम्ल नाही. मातीतले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनवतात, आणि त्यांना ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. थंडीत घातलेलं गंधक तसंच पडून राहतं. ऊब आल्यावर घाला, तीन-चार महिने थांबा, सामू मोजा, मगच पुढचा हप्ता. धीर न धरता दुप्पट घातलेलं गंधक नंतर एकदम जागं होतं.

लिंबाचा रस, व्हिनेगर, सायट्रिक आम्ल पाण्यात घालण्याबद्दल बरंच वाचायला मिळतं. पाण्याचा सामू त्याने उतरतो, पट्टीवर दिसतोही. पण ही सेंद्रिय आम्लं जिवाणू खाऊन टाकतात आणि त्यांनी बांधून ठेवलेलं कॅल्शियम पुन्हा बायकार्बोनेटच्या रूपाने परत येतं. काही दिवसांची उसनवारी, इतकंच. वापरलेली कॉफीची पूड जवळजवळ उदासीन असते, आणि पाइनच्या पानांचं आच्छादन आच्छादन म्हणूनच चांगलं. सामूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

आच्छादनाला मात्र पर्याय नाही, सामूसाठी नसलं तरी. 7 ते 10 सेंटीमीटर पालापाचोळा, बुंध्यापासून वीतभर दूर. कुजताना त्यातून निघणारी ह्युमिक द्रव्यं लोहाला धरून विरघळलेल्या अवस्थेत ठेवतात. रासायनिक चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारं विकतचं संयुग, जे करतं तेच, हळू आणि स्वस्तात.

आणि एक गंमत. झाडाखालचं गवत काढून जमीन लख्ख ठेवायची आपल्याला सवय असते. पण गवतवर्गीय वनस्पतींची मुळं लोह पकडून विरघळवणारे खास पदार्थ सोडतात आणि त्याचा फायदा शेजाऱ्यालाही होतो. चुनखडीच्या जमिनीत मक्याच्या ओळीलगतचा भुईमूग कमी पिवळा पडतो, तो यामुळे. आळ्याच्या बाहेरच्या कडेला गवताचा पट्टा राहू द्या, कापून आच्छादनात टाका. पाण्यासाठी त्याची स्पर्धा होतेच, म्हणून अगदी लहान रोपाभोवती नको.

तातडीचा उपाय: फवारणी

मातीची दुरुस्ती महिने घेते. तोवर पालवी वाचवायची असेल तर हिराकसची फवारणी करा. लिटरला 5 ग्रॅम, पाणी जड असेल तर त्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल आधी विरघळवा. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. विटकरी झालं तर लोह गंजलं, ओतून द्या. ताजं करा, संध्याकाळी फवारा, पानं अर्धीअधिक पसरलेली असताना फवारा, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एकदा. आधी दोन फांद्यांवर करून बघा, कारण नाजूक शोभेच्या झाडांची पानं डागाळतात. फरशी आणि भिंत झाकून घ्या. माझ्या पायरीवरचे तांबडे डाग अजून आहेत.

फवारलेलं लोह फवारलेल्या पानातच राहतं. पुढच्या पालवीला ते मिळत नाही, म्हणून हा इलाज नुसती वेळ मारून नेण्यापुरताच. हिराकस नुसता अल्कधर्मी मातीवर टाकून पाणी घालणं तर वायाच. काही दिवसांत त्याचा गंज होतो. जाता जाता: उणीव खरोखर आढळली असेल तर अशी खनिजं वापरायला बहुतेक सेंद्रिय मानकं मुभा देतात. चिलेटयुक्त लोहाबाबत तुम्ही सेंद्रियची रेघ कुठे ओढता ते तुम्ही ठरवा. वापरायचं ठरवलंच तर डब्यावरचं नाव वाचा. ईडीटीए सामू साडेसहाच्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं, खऱ्या चुनखडीच्या मातीत फक्त ईडीडीएचए उपयोगी. चुकीचं चिलेट घालून लोक चिलेटलाच नावं ठेवतात.

हे सगळं करूनही सुधारलं नाही तर

दोन गोष्टी तपासा. बुंध्याच्या तळाशी डिंक ओघळतोय का, साल दाबली तर मऊ लागते का? तो डिंक्या, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचं काम. कारण पुन्हा ओलच. साल खरवडून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा आणि बुंधा कोरडा ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पानावरचे पिवळे डाग मधल्या शिरेच्या दोन बाजूंना सारखे नसतील, एका बाजूला इथे तर दुसऱ्या बाजूला भलतीकडेच, झाडाची एखादीच फांदी पिवळी असेल आणि फळं वाकडी, टोकाला हिरवीच राहणारी येत असतील, तर सिट्रस ग्रीनिंगची शंका घ्या. उणिवेचा पिवळेपणा दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा असतो, ग्रीनिंगचा नसतो. हा जिवाणूजन्य रोग सिल्ला नावाच्या बारीक किडीमार्फत पसरतो आणि त्यावर इलाज नाही. फळझाडं-शोभेची झाडं एकत्र लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कुंपणाला लावलेली कामिनी, म्हणजे कुंती, ही या सिल्लाची आवडती जागा आहे. सारखी छाटून तिला सतत कोवळी पालवी फोडायला लावणं म्हणजे किडीला पाळणा बांधून देणं. शंका पक्की वाटली तर जवळच्या कृषी संस्थेकडून तपासून घ्या, आणि त्या झाडाच्या डोळ्यांनी कलमं तर मुळीच करू नका.

झाड बदलण्याचा सल्ला कोणालाच नको असतो

तरी देते. चुनखडीच्या जमिनीत अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, तुती ही फळझाडं आणि कण्हेर, बोगनवेल, चाफा ही फुलझाडं तक्रार न करता वाढतात. लिंबूवर्गीय हवंच असेल तर रोपवाटिकेत फळाच्या जातीबरोबर खुंट, म्हणजे कलम ज्या मुळांच्या झाडावर बांधलं ते, कुठला तेही विचारा. ट्रायफोलिएट खुंटाला चुनखडी अजिबात सोसत नाही, रंगपूर लिंबाच्या खुंटाला बऱ्यापैकी सोसते. एकाच जातीचं संत्रं एकाच बागेत एका खुंटावर पिवळं आणि दुसऱ्यावर हिरवं दिसू शकतं. अनंत, एक्झोरा, कॅमेलिया यांच्यासाठी जमिनीशी भांडण्यापेक्षा मोठी कुंडी, कोकोपीट आणि पानखताचं मिश्रण आणि पावसाचं पाणी हा मार्ग कितीतरी कमी कष्टाचा.

वाट किती बघायची? जी पानं पूर्ण पिवळी होऊन जाड झाली ती बहुतेक तशीच राहतील, त्यांच्याकडे बघून निकाल लावू नका आणि ती तोडूही नका. फवारणीचा परिणाम दोन आठवड्यांत कळतो, पाण्याच्या बदलाचा पुढच्या पालवीत, गंधकाचा पुढच्या वर्षी. माझ्या लिंबाची दुसऱ्या उन्हाळ्यातली पालवी हिरवी आली. भिंतीजवळचा अनंत राडारोड्यातून उपटून कुंडीत हलवला, तो दीड वर्ष रुसून बसला आणि मग फुलला. मोसंबीचं काहीच झालं नाही. ती ट्रायफोलिएटवर होती हे रोपवाटिकेच्या जुन्या चिठ्ठीवर मी पाचव्या वर्षी वाचलं. तिच्या जागी आता अंजीर आहे.